नियंत्रण गटाची खीर

सकाळचे पाणी भरून झाले की संयोगिता जगदाळे लूना काढून घराबाहेर पडत असे. बडोद्याच्या खंडेराव मार्केटसमोर त्या वेळी भाजीचे टेम्पो रिकामे होत असत, म्हणून ती मागच्या गल्लीने जाई आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून दुधाच्या भुकटीचे मोठे पाकीट घेई. दुकानदार तिला वर्षभर ओळखत होता, आणि तिच्या घरी एखादे अशक्त बाळ असावे अशी त्याची समजूत झाली होती. "बाबो केम छे हवे?" तो गुजरातीत बाळाची चौकशी करी. "सारो छे," असे ती सांगे. खरे उत्तर फार लांबलचक झाले असते.

संशोधन संस्थेत पोचल्यावर ती पदर खोचून प्रयोगशाळेतला गोल हौद भरायला घेई. गार पाण्यात गरम पाण्याच्या बादल्या ओतून ते कोमट करायचे, त्यात भुकटी कालवून ते पांढरेधोप करायचे आणि मग ठरलेल्या जागी एक लहानसा पाट पृष्ठभागाच्या जरा खाली बुडवून ठेवायचा. पांढऱ्या पाण्यात तो दिसत नसे. भिंतींवर काळ्या पुठ्ठ्याचा त्रिकोण, वर्तुळ आणि फुली टांगलेली असे. पाण्यात सोडलेला उंदीर प्रथम कसाही पोहतो, कधीतरी योगायोगाने पाटावर चढतो, आणि पुढच्या वेळी त्रिकोण-वर्तुळाच्या खुणेने पाट कुठे असेल ते आठवू लागतो. त्याला लागणारा वेळ दिवसागणिक कमी होत जातो. यालाच शास्त्रात शिकणे म्हणतात. शेवटी उंदराला टॉवेलने कोरडे करून पिंजऱ्यात ठेवायचे, आणि दुसरा घ्यायचा.

त्या वर्षी, म्हणजे सत्त्याण्णव साली, या हौदावर बऱ्याच गोष्टी अवलंबून होत्या. ग्लुटामेट हा मेंदूतल्या पेशींचा निरोप्या. तो निरोप ज्या दारावर आणतो, त्या दाराला ग्राही म्हणतात. बडोद्यातले एक औषध-कारखानदार मयंकभाई यांच्या रसायनतज्ज्ञांनी 'एम-सहा' नावाचे एक संयुग तयार केले होते. ते हे दार नेहमीपेक्षा किंचित अधिक वेळ उघडे ठेवते, असे काचेच्या बशीतल्या पेशींवर दिसले होते. जिवंत उंदीर त्यामुळे लवकर शिकतो का, एवढे पाहण्याचे काम संयोगिताकडे होते. तिच्या प्रबंधाचे शेवटचे प्रकरण तेवढेच उरले होते. शिष्यवृत्ती मार्चमध्ये संपत होती. त्याच महिन्यात तिचे मार्गदर्शक प्राध्यापक धनाजीराव निवृत्त होत होते. आणि प्रकरण चांगले उतरले तर मयंकभाईंनी आपल्या नव्या संशोधन विभागात तिला एप्रिलपासून घेण्याचे कबूल केले होते. तिचे वडील संपतराव यांचा कारखाना दोन वर्षांपूर्वी बंद पडल्यापासून घरात एप्रिल हा शब्द सणासारखा उच्चारला जात होता.

प्रयोग उत्तम उतरला. एम-सहा दिलेले उंदीर चौथ्या दिवशी भिंतीवरच्या खुणांकडे पाहत सरळ पाटाकडे जात. नुसते खारे पाणी टोचलेले, म्हणजे नियंत्रण गटातले उंदीर मात्र पाटाचा शोधच घेत नव्हते. हातपाय पसरून, नाक वर काढून ते दुधाळ पाण्यावर निवांत तरंगत राहत. धनाजीरावांनी निबंधात लिहिले, 'संयुगाच्या अभावी प्राण्यांमध्ये शोधाची प्रेरणा क्षीण दिसून येते.' फेब्रुवारीत हैदराबादला भरणाऱ्या परिषदेने तो निबंध स्वीकारला, आणि तो ऐकायला मयंकभाईंचे जर्मन पाहुणे येणार असे ठरले.

या यशाची मेजवानी मार्गशीर्षातल्या एका रविवारी धनाजीरावांच्या अकोटा भागातल्या घरी झाली. नव्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, गच्चीला लागूनच त्यांचे घर होते. जेवायला मयंकभाई होते, संयोगिता होती. धनाजीरावांच्या पत्नी नलिनीकाकू वाढत होत्या, आणि मातुःश्री चिमणाबाई खुर्चीवर बसून कुणाच्या पानात काय कमी आहे यावर लक्ष ठेवत होत्या.

"घे गं पुरी. उंदरांना शिकवून शिकवून वाळलीस."

"आजी, उंदीर मस्त आहेत. मीच वाळलेय."

"मस्त असणारच," चिमणाबाई समाधानाने म्हणाल्या. "खाल्लंय कुणाच्या घरचं! यंदा पितृपक्षात आमच्याकडे कावळाच फिरकेना. दोन वाजले, पान वाळायला आलं. कबुतरं ढीगभर. आता कबुतराला मामंजी कसं म्हणायचं? शेवटी ह्यानंच तोड काढली."

"आई, भाजी थंड होतेय," धनाजीराव म्हणाले.

"होऊ दे. हा म्हणाला, आई, आमच्या संस्थेत जीव आहेत, पानाला नाही म्हणणार नाहीत. गेला घेऊन. पान चाटूनपुसून स्वच्छ! मग मी खालच्या जाधवांनाही सांगितलं, समोरच्या पटेलांनाही. पंधरा दिवस ज्याची तिथी असेल त्याचं पान ह्याच्याच गाडीतून जायचं. खीर काय, वडे काय."

संयोगिताचा घास हातातच राहिला. हे तिने पाहिले कसे नाही, असा प्रश्न तिला पडण्याआधीच त्याचे उत्तर तिला सुचले: दुपारी ती वाचनालयात असे.

"अरे, आमचापण दूधपाक होता ना त्यात, तुमच्या खिरीसारखा!" मयंकभाई एकदम खुलले. "बापुजींच्या श्राद्धाला ड्रायव्हरबरोबर मोकलला मी. म्हटलं, हे उंदर माझ्या कामासाठी मेहनत करतात, तर त्यांनापण काही मिळायला पाहिजे के नहीं? केवढं मोठं तपेलं होतं, प्रोफेसरसाहेब?"

"मोठं होतं," धनाजीराव म्हणाले.

"बघा! आणि परिणाम पण केवढा सरस आला!"

सगळे हसले. संयोगिताही हसली, पण तिला आपल्या आजोबांची तिथी आठवत होती. त्या दिवशी आईने डब्यात जास्तीच्या पुऱ्या दिल्या होत्या, आणि कानावर पिवळी खूण असलेला एक संथ उंदीर तिच्याकडे इतक्या आशेने पाहत होता की तिने त्याला अर्धी पुरी दिली होती. एवढ्याने काय होणार, असे तेव्हा तिला वाटले होते. तसेच ते धनाजीरावांना, जाधवांना, पटेलांना आणि मयंकभाईंनाही वाटले असणार.

मूळ गोष्ट आणखी साधी होती. नियंत्रण गट आणि औषधाचा गट हे एकाच वेळी हौदात उतरवायला हवे होते. पण एम-सहाची कुपी श्राद्धपक्षात द्यायला मयंकभाई तयार नव्हते. त्यांचा स्वतःचा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता, परंतु त्यांच्या भागीदारांचा होता. धनाजीरावांचाही विश्वास नव्हता. शहरातल्या शाळांमधून अंधश्रद्धेविरुद्ध ते दरवर्षी व्याख्याने देत. पण त्यांच्या आईचा होता. तेव्हा त्यांनी शास्त्राला आणि पंचांगाला एकाच वेळी पटेल असा मार्ग काढला: खारे पाणी टोचणे हे काही नवे कार्य नव्हे, तेव्हा नियंत्रण गट पितृपक्षात उरकावा आणि औषधाचा गट घटस्थापनेपासून घ्यावा. औषधाच्या गटासाठीचे उंदीरही मग घटस्थापनेलाच आणले गेले. नवरात्रात सगळ्यांचेच उपास असल्यामुळे त्यांच्याकडे गोळ्यांपलीकडे काही आले नाही.

सोमवारी तिने धनाजीरावांच्या खोलीचे दार लोटले.

"सर, खारं पाणी दिलेले उंदीर जाड होते."

"दिसायला होते."

"वजन आपण फक्त पहिल्या दिवशी केलं. नंतर केलंच नाही."

"वजन लागतं ते मात्रा ठरवायला. खारं पाणी थोडं कमी-जास्त झालं तर काय बिघडतं, असं तूच म्हणाली होतीस."

"मीच म्हणाले होते." ती खुर्चीवर बसली. "सर, जाड उंदीर पाण्यात बुडत नाही. त्याला थंडीही वाजत नाही. तो पाट शोधेल कशाला? त्यांची प्रेरणा क्षीण नव्हती. त्यांना बरं वाटत होतं."

धनाजीरावांनी चष्मा काढून ठेवला. उंच, सावकाश बोलणारे गृहस्थ. तीस वर्षांत त्यांनी विद्यार्थ्यावर आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता.

"तुला ठाऊक आहे," ते म्हणाले, "माझा त्या पानावर काडीचा विश्वास नाही."

"उंदरांचाही नव्हता, सर. त्यांनी नुसतं खाल्लं."

त्यांना हसू आले आणि ते त्यांनी दाबले. "आणि समजा औषधाचाच परिणाम असेल? खीरही असेल आणि औषधही असेल?"

"असेल. पण आपल्याला ते आज सांगता येत नाही. पुन्हा करून पाहिलं तर येईल."

"एम-सहा उरलंय किती?"

"एका फेरीपुरतं."

"ते मयंकभाईंनी जर्मन पाहुण्यांसाठी राखून ठेवायला सांगितलंय."

"हो, सर."

"मग ते फ्रीजमध्येच आहे असं मी धरून चालतो," असे म्हणून धनाजीरावांनी चष्मा चढवला आणि समोरचा उलटा पडलेला कागद लक्षपूर्वक वाचायला घेतला. त्याला परवानगी म्हणायचे की नकार, हे संयोगिताने त्यांना विचारले नाही.

पौषात तिने नवे उंदीर आणले. सगळे एकाच दिवशी आणि एकाच ठिकाणाहून. चिठ्ठ्या टाकून त्यांचे तीन गट पाडले. एकाला एम-सहा, दुसऱ्याला खारे पाणी, आणि तिसऱ्याला खारे पाणी अधिक खीर-पुरी. कुठल्या सुईत काय आहे हे तिला कळू नये म्हणून टोचण्याचे काम तिने भक्ती नावाच्या दुसऱ्या विद्यार्थिनीकडे दिले. रोज सकाळी प्रत्येक उंदीर तराजूवर ठेवला जाऊ लागला. खीर मात्र तिला घरीच करावी लागे. पहिल्या दिवशी तिची आई अहल्याबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"पौषात कुणाचं श्राद्ध गं?"

"एका आलेखाचं, आई."

"म्हणजे काय?"

"उंदरांसाठी आहे. पितृपक्षात उंदरांनी खाल्ली होती, तशीच पुन्हा द्यायचीय."

"वेलची घातलीस?"

"उंदरांना वेलची कशाला?"

"पितृपक्षात घातलेली होती ना? मग घाल. तुमच्यात सगळं सारखंच करावं लागतं म्हणालीस."

शास्त्रीय दृष्ट्या अहल्याबाईंचे म्हणणे बिनतोड होते. संयोगिताने वेलची घातली.

दोन आठवड्यांनी बाकीच्या गटांबरोबर खिरीचा गट पाण्यात उतरला, त्या सकाळी धनाजीराव न सांगता प्रयोगशाळेत आले आणि हौदाच्या कडेशी उभे राहिले. उंदराने चार हात मारले, मग चारी पाय सैल सोडले, आणि छताकडे पाहत तो गोल गोल वाहू लागला.

"हा अगदी आमच्या बापूकाकांसारखा," धनाजीराव म्हणाले. "संस्थानची पेन्शन होती त्यांना. आयुष्यभर असेच होते." एवढे बोलून ते पाठ फिरवून निघून गेले, तेव्हा त्यांचे खांदे हलत होते. हसण्यानेच, असे भक्ती म्हणाली.

सगळ्या फेऱ्या संपल्यावर भक्तीने कुठल्या गटाला काय दिले होते ते सांगितले. आलेखावर एम-सहाच्या गटाची रेघ आणि खाऱ्या पाण्याच्या गटाची रेघ हातात हात घालून खाली उतरत होती. दोन्ही गट सारखेच शिकले होते. वेगळी होती ती फक्त तिसरी रेघ. एम-सहाने उंदरांना हुशार केले नव्हते, मंदही केले नव्हते. दार थोडा अधिक वेळ उघडे राहिले होते आणि त्यातून विशेष कुणी आत गेले नव्हते. खिरीचा परिणाम मात्र निर्विवाद होता.

संयोगिताला खरा त्रास यानंतर झाला. पहिला आलेख खोटा असता, तर तो फाडून टाकणे सोपे होते. पण त्यातला एकही आकडा खोटा नव्हता. प्रत्येक उंदीर तेवढाच वेळ पोहला होता, तेवढाच वेळ तरंगला होता. तिने स्वतः घड्याळ धरले होते. परिषदेने खिरीविषयी काही विचारले नव्हते. कुणी विचारणारही नव्हते. मयंकभाईंचा फोन आला, त्यात त्यांनी हैदराबादच्या तिकिटाविषयी विचारले, जर्मन पाहुणे शाकाहारी आहेत अशी आनंदाची बातमी दिली, आणि म्हणाले, "संयोगिताबेन, एप्रिलमध्ये तुमची केबिन तैयार. खिडकी कुठल्या बाजूला पाहिजे, सांगा." घरी संपतरावांनी त्याच संध्याकाळी विचारले, की कंपनीची बस मार्केटवरून जाते की स्टेशनवरून.

"अजून ठरलं नाही, बाबा."

"बसचं?"

"बसचंही."

संपतरावांनी मान हलवली आणि ते दिवा लावायला उठले. तिला ते विचारण्यापेक्षा जड गेले.

तीन-चार दिवस ती निबंध घेऊन बसली. एखादे वाक्य घातले तर भागेल का, असे तिने पाहिले. 'आहारातील किरकोळ फरक' असे तिने एकदा लिहिले आणि मोठ्याने वाचून पाहिले. मयंकभाईंचे तपेले तिच्या डोळ्यांसमोर आले, आणि किरकोळ हा शब्द तिने खोडला. तो खोडल्यावर वाक्य उरले नाही, आणि वाक्याबरोबर निबंधही उरत नव्हता. मग तिने नवा कागद घेतला आणि निबंध मागे घेत असल्याचे परिषदेला कळवणारा मजकूर एका बैठकीत लिहून काढला. कारण तिने एकाच वाक्यात दिले: नियंत्रण गटातील प्राण्यांना प्रयोगकाळात नेहमीच्या आहाराखेरीज गोड व स्निग्ध अन्न मिळाले असल्याचे आढळून आले, आणि योग्य रीतीने केलेल्या पुनःप्रयोगात संयुगाचा परिणाम दिसला नाही. अन्न कुणी दिले, का दिले, याचा उल्लेख तिने केला नव्हता. निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या माणसाचे हैदराबादच्या सभागृहात हसे होऊ नये, एवढीच तिची इच्छा होती.

ती कागद घेऊन धनाजीरावांकडे गेली.

"सर, हे मी आज पाठवणार आहे. सही माझी केलीय. तुमची नसली तरी पाठवीन. पण तुम्हाला आधी दाखवावं असं वाटलं."

त्यांनी कागद वाचला. खाली ठेवला. पुन्हा उचलला.

"प्रबंधाचं काय?"

"शेवटचं प्रकरण दुसऱ्या फेरीवर लिहीन. काही झालं नाही, असं लिहीन. पाच-सहा महिने जास्त लागतील."

"मयंकभाईंना काही न झाल्याचा उपयोग नसतो. ती केबिन मग दुसऱ्या कुणाला मिळेल."

"हो, सर."

"तुझे वडील?"

"त्यांना मी सांगेन."

धनाजीरावांनी कागदावरच्या वाक्यावर बोट ठेवले. "'अन्न मिळाले असल्याचे आढळून आले,'" ते सावकाश म्हणाले. "हे वाक्य वाचून कुणालाही वाटेल की ते आभाळातून पडलं." त्यांनी पेन उघडले, 'गोड' या शब्दाच्या आधी एक खूण केली आणि वर बारीक, सुरेख अक्षरात लिहिले: 'प्रमुख संशोधकाने दिलेले.' मग त्यांनी त्यात आणखी दोन शब्द घातले: 'व इतरांनी.' वाक्य आता असे झाले, की प्रमुख संशोधकाने व इतरांनी दिलेले गोड व स्निग्ध अन्न. ते त्यांना अचूक वाटले असावे, कारण त्याखाली त्यांनी सही केली.

"सर, 'व इतरांनी' राहू द्यायचं?"

"पटेल, जाधव आणि मयंकभाई. सत्य आहे ते." त्यांनी तिच्याकडे पाहिले. "तू काही दिलं नव्हतंस ना?"

"अर्धी पुरी," संयोगिता म्हणाली.

"मग राहू दे."

कागद स्वच्छ टंकून घेऊन ती दुपारी अलकापुरीत गेली. मयंकभाईंचे कार्यालय ज्या इमारतीत होते, तिच्याच तळमजल्यावर फॅक्सची सोय असलेला टेलिफोन बूथ होता. बूथवाल्याने कागद यंत्रात घातला, हैदराबादचा नंबर फिरवला, आणि एकदा लाइन तुटल्यावर पुन्हा फिरवला. कागद हळूहळू आत गेला आणि दुसऱ्या बाजूने जसाच्या तसा बाहेर आला.

"गयुं," तो म्हणाला.

तिने कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली, आणि ही बातमी मयंकभाईंना दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी आपणच सांगावी म्हणून ती जिना चढू लागली.